आजोबा आणि नातू एकाच कलमात

(सीमाभागातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा हा मजकूर.)



सन २०२० च्या मे महिन्यात केंद्रीय गृहखात्याने टाळेबंदीसंबंधी जे हुकूम काढले, त्यांतील एका कलमापासून मी आजच्या विषयाला आरंभ करतो. कलम लहानसेच आहे. पासष्ट वर्षांवरील वृद्ध, जुनाट व्याधींनी ग्रस्त असलेली माणसे, गर्भवती स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुले यांनी अत्यावश्यक गरज वा औषधोपचार यांखेरीज घराबाहेर पडू नये, असा त्याचा आशय आहे. आपण सर्वांनी ते वर्तमानपत्रांत वाचले, मान डोलावली आणि दाराला कडी घातली. त्यात काही वावगे आहे असे आपल्यापैकी फारच थोड्यांना वाटले असेल. म्हातारी माणसे आणि लहान पोरे सांभाळावीत, ही आपल्याकडची पिढीजात शिकवण. पटकी आली, गोवर आला, हिवताप आला, म्हणजे पहिला घाला या दोन टोकांवर पडतो, हे आपल्या आज्या-पणज्यांनी सोसून मिळविलेले ज्ञान होते. गृहखात्याचे कलम म्हणजे त्याच शिकवणीची सरकारी भाषेतील नक्कल.

परंतु कोरोना हा रोग त्या शिकवणीला धरून चालणारा नव्हता, आणि ही गोष्ट हुकूम निघाला तेव्हा गुप्त राहिलेली नव्हती. चीनच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्येच चव्वेचाळीस हजारांवर निश्चित रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला होता. ऐंशी वर्षे व त्यापुढील रुग्णांपैकी शेकडा १४.८ दगावले होते. नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांत मृत्यूची एकही नोंद नव्हती. परक्या देशाचा आकडा म्हणून तो बाजूला ठेवू. आपल्याच देशातील तमिळनाडू आणि आंध्र प्रदेश या दोन राज्यांत सुमारे पंच्याऐंशी हजार रुग्ण आणि त्यांच्या संपर्कात आलेली पावणेसहा लाख माणसे यांचा जो बारकाईचा अभ्यास झाला, तो सप्टेंबर २०२० च्या अखेरीस ‘सायन्स’ या नियतकालिकाने छापला. पाच ते सतरा वर्षांच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.०५ निघाले, पंच्याऐंशी व त्यापुढील रुग्णांत ते शेकडा १६.६ होते. म्हणजे एकीकडे दोन हजार रुग्णांमागे एक आणि दुसरीकडे सहांमागे एक.

हे झाले तपासणीत उघडकीस आलेल्या रुग्णांचे. संसर्ग होऊनही ज्यांना त्याचा पत्ता लागला नाही, अशांना जमेस धरून पाश्चात्त्य व इतर संपन्न देशांच्या आकड्यांवरून सन २०२० च्या अखेरीस जे गणित मांडले गेले, ते तर अधिकच बोलके आहे. दहा वर्षांच्या मुलांत पन्नास हजार बाधितांमागे एक मृत्यू. पंचविशीत दहा हजारांमागे एक. पंचावन्नाव्या वर्षी अडीचशेंमागे एक. पासष्टीला सत्तरांमागे एक. पंचाहत्तरीला बावीसांमागे एक. लस येण्यापूर्वीचे हे प्रमाण आहे. एका कलमात शेजारी शेजारी बसविलेल्या आजोबांत आणि नातवात दोन हजारपटींहून अधिक अंतर होते! इतके अंतर असलेल्या दोन रोग्यांना कोणताही वैद्य एकच मात्रा, तीही एकाच मुदतीची, उगाळून देणार नाही. सरकारने दिली, आणि आपण ती घेतली.

माझ्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून आरंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. हा रोग म्हणजे साधे पडसे होते, उगीच बाऊ केला, असे म्हणणारा एक वर्ग आजही आपल्यात आहे. त्या वर्गाशी माझा काही संबंध नाही. आपल्या देशात नोंदल्या गेलेल्या सर्व प्रकारच्या मृत्यूंची संख्या सन २०१९ मध्ये ७६ लाख होती; ती २०२० मध्ये ८१ लाख झाली आणि २०२१ मध्ये एक कोटी दोन लाखांवर गेली. हे सरकारी निबंधकांचेच आकडे आहेत. एका वर्षात वीस लाखांची ही वाढ पाहून ज्याला पडसे आठवते, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. सप्टेंबर २०२० मध्ये या बेळगावचे खासदार आणि रेल्वे खात्याचे राज्यमंत्री सुरेश अंगडी या रोगाने गेले. दिल्लीतील उत्तम इस्पितळ हाताशी असूनही गेले. त्यांचे वय पासष्ट होते.

तेव्हा प्रश्न रोग खरा होता की खोटा, हा नव्हेच. प्रश्न असा आहे, की निर्बंध घालताना त्यापासून कोणाचे रक्षण होते आणि त्याचे मोल कोण देतो, याची वजने काट्यावर घातली गेली की नाही. निर्बंध हाही एक कर आहे. इतर करांची आकारणी उत्पन्नावर होते. या कराची आकारणी वयावर झाली, आणि ज्यांना रोगाचे भय सर्वांत कमी त्यांच्याकडून तो सर्वांत अधिक काळ वसूल केला गेला.

मार्च २०२० मधील बंदोबस्तावर मी आज टीका करणार नाही. चोवीस तारखेच्या रात्री आठ वाजता घोषणा व्हावी आणि बारा वाजता सारा देश बंद व्हावा, ही घाई कोणत्या शास्त्रात बसते हे मला कळत नाही. जालना-औरंगाबाद लोहमार्गावर करमाडजवळ ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडीखाली सापडलेले सोळा मजूर हे त्याच घाईचे बळी होत. ऐन कामकरी वयाचे ते लोक रोगाने मेले नाहीत. गावी चालत जाताना रुळांवर झोप लागली म्हणून मेले. तरीही शाळा बंद करण्याचा पहिला निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. त्यावेळी मूल स्वतः आजारी पडत नसले तरी ते रोग किती पसरविते, हे कोणालाच निश्चित ठाऊक नव्हते. इन्फ्लुएंझाच्या साथीत मुले हीच रोगाची वाहक असतात, हा जुना अनुभव सर्वांच्या डोळ्यांपुढे होता.

इन्फ्लुएंझाचा विषय निघाला म्हणून सांगतो. सन १९१८ ची ती साथ मुंबईच्या बंदरातून देशात शिरली आणि एक कोटी वीस लाख ते दोन कोटी माणसे घेऊन गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सन १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आपल्या जनगणनेच्या इतिहासात असे दुसरे दशक नाही. त्या साथीने कोणाला नेले? वीस ते चाळीस वयाच्या धट्ट्याकट्ट्या स्त्री-पुरुषांना, आणि त्यांतही आपल्या देशात पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. घरोघर म्हातारी माणसे मागे राहिली आणि कर्ती गेली. तेव्हा कोणत्या वयाला अधिक जपावे, याचे उत्तर परंपरेला विचारून चालत नाही. ते दर साथीला नव्याने त्या साथीच्याच आकड्यांना विचारावे लागते. २०२० मध्ये आकडे लवकर हाती आले, हे आपले भाग्य होते. कलम मात्र जुन्या शिकवणीवरच बेतलेले राहिले.

आता माझ्याविरुद्ध जो सर्वांत भक्कम मुद्दा आहे, त्याकडे वळतो. कारण त्याला बगल देऊन पुढे जाणे हे वकिलीचे काम होईल, विचाराचे नव्हे.

ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिका व इंग्लंड येथील तीन नामांकित प्राध्यापकांनी एक जाहीरनामा काढला. त्यांतील दोघांची नावे भट्टाचार्य आणि गुप्ता अशी असल्याने आपल्याकडेही त्याची पुष्कळ चर्चा झाली. वृद्धांचे तेवढे कसोशीने रक्षण करा आणि तरुणांना व मुलांना त्यांचे नेहमीचे जीवन जगू द्या, असे त्याचे सार. दहाच दिवसांत ‘लॅन्सेट’मध्ये शास्त्रज्ञांच्या दुसऱ्या मोठ्या गटाने त्याला उत्तर दिले: समाजाचा एक भाग असा कापून अलग ठेवता येत नाही, तरुणांत रोग मोकळा सोडला, तर तो म्हाताऱ्यांपर्यंत पोहोचल्यावाचून राहणार नाही.

या वादात कोण खरे, याचा निवाडा करण्यासाठी आपल्याला ऑक्सफर्डला जाण्याचे कारण नाही. वडगावात जावे, खासबागेत जावे. विणकराच्या घरात पुढच्या सोप्यात माग, मधल्या खोलीत झोपणे-बसणे, मागे चूल. आजी, आजोबा, मुलगा, सून, तीन नातवंडे. नातवाला शाळेतून खोकला आला तर आजीला कोणत्या खोलीत ठेवायचे? विलायतेत म्हातारी माणसे स्वतंत्र राहतात; तिथे अलग ठेवण्याची भाषा निदान बोलता तरी येते. आपल्याकडे आजीच्या मांडीवरच नातू वाढतो. त्यामुळे ‘मुलांना धोका नाही, म्हणून मुले मोकळी सोडा’ एवढे अर्धेच वाक्य बोलून थांबणारा मनुष्य आपल्या घराची रचना विसरलेला असतो.

आणि याच घरात त्याच मुलाचे आणखी एक हित दडलेले आहे. शाळा हे मुलाचे हित आहे, तसे जिवंत आईबाप हेही आहे. एप्रिल २०२० पासून पुढे दोन वर्षांच्या आत देशात एक लाख सत्तेचाळीस हजारांवर मुलांनी आई, बाप किंवा दोन्ही गमावले, असे बालहक्क संरक्षणाच्या राष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. हे सारे मृत्यू कोरोनाचे नव्हते. परंतु एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पस्तिशी-चाळिशीची माणसे प्राणवायूसाठी वणवण करताना आपण पाहिली आहेत. पंचविशी ते साठी या मधल्या वयाचा धोका नातवाइतका नगण्य नव्हता. वजनाच्या काट्यात ही बाजू न टाकणारा तराजू खोटा होय.

स्वीडनचे उदाहरण या वादात दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने अर्धे अर्धे वापरतात. ते पुरते ऐकण्यासारखे आहे. त्या देशाने सन २०२० च्या वसंतऋतूत सोळा वर्षांखालील मुलांच्या शाळा बंद केल्याच नाहीत. मार्च ते जून या चार महिन्यांत एक ते सोळा वयाच्या साडेएकोणीस लाख मुलांपैकी कोरोनामुळे अतिदक्षता विभागात न्यावी लागलेली मुले भरली पंधरा. दगावले एकही नाही. परंतु त्याच देशाच्या चौकशी आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट शब्दांत निर्णय दिला, की वृद्धांचे रक्षण करण्यात आपण अपयशी ठरलो. वृद्धाश्रमांतून रोग शिरला आणि तिथली माणसे मोठ्या संख्येने गेली. तो रोग त्यांच्याकडे शाळकरी मुलांनीच पोहोचविला, असे आयोगाने म्हटले नाही; समाजात पसरलेला रोग आणि वृद्धसेवेतील जुनी दुरवस्था यांवर त्याने बोट ठेवले. शेजारच्या डेन्मार्कने आणखी वेगळा मार्ग धरला. त्याने मार्चमध्ये सारे बंद केले आणि १५ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे महिन्याभरात, उघडताना पहिला मान दिला तो पाळणाघरांना आणि पाचवीपर्यंतच्या वर्गांना! मोठी दुकाने आणि उपाहारगृहे त्यानंतर. बंद करण्याचा हुकूम सर्वांनाच काढावा लागतो. राज्यकर्त्यांची पारख होते ती उघडताना कोणाचे नाव आधी घेतले यावरून.

या कसोटीवर आपल्या दोन्ही राज्यांची वही पाहू. या बाबतीत बेंगळूर आणि मुंबई यांचे चांगलेच मतैक्य दिसते. कर्नाटकात दारूची दुकाने ४ मे २०२० रोजी उघडली. मद्यगृहांत बसून पिण्याची मुभा १ सप्टेंबर २०२० पासून मिळाली. महाराष्ट्रात उपाहारगृहे आणि मद्यगृहे ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या आसनांनिशी सुरू झाली. आणि पहिलीचा वर्ग? कर्नाटकात तो २५ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडला. महाराष्ट्रात १ डिसेंबर २०२१ पासून, आणि मुंबई-पुण्यात त्यानंतर दोन आठवड्यांनी. मद्यगृह आणि पहिलीचा वर्ग यांत तेरा-चौदा महिन्यांचे अंतर! जून २०२० मध्ये जे मूल पहिलीत बसावयाचे, त्याने आपल्या वर्गाचा उंबरठा पहिल्यांदा ओलांडला तेव्हा ते दुसरीत होते.

मधल्या काळात या गावात काय चालले होते, तेही आठवून पाहावे. १७ एप्रिल २०२१ रोजी बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली. ज्या खासदाराला कोरोनाने नेले, त्याच्याच रिकाम्या जागेसाठी ती होती, आणि दुसरी लाट दारात उभी होती. सभा झाल्या, मिरवणुका निघाल्या. कोणा एका पक्षाचे नाव घेण्यात अर्थ नाही. सर्वांचेच कार्यकर्ते रस्त्यावर होते, आणि तुम्ही-आम्हीही त्या गर्दीत होतो. जी शाळा मुलांसाठी धोक्याची म्हणून बंद होती, तिच्याच खोल्यांत मतदानकेंद्रे थाटली गेली आणि तिच्याच शिक्षकांना तिथे कामाला बसविले. शिक्षकांच्या जिवाची काळजी हे शाळा बंद ठेवण्याचे एक खरे कारण होते. पन्नाशीपुढच्या शिक्षकाला धोका होताच. कर्नाटकाने ऑगस्ट २०२० मध्ये ‘विद्यागम’ नावाची योजना काढून शिक्षकांना मुलांच्या वस्तीत, झाडाखाली, देवळाच्या ओवरीत शिकवावयास पाठविले, आणि संसर्गाच्या बातम्या येताच ऑक्टोबरात ती स्थगित केली. ती स्थगिती मी समजू शकतो. परंतु त्याच शिक्षकाला सहा महिन्यांनी मतपेटीपाशी बसविणारे सरकार त्याच्या वयाचा विचार करीत होते, हे मला पटत नाही.

या साऱ्या काळात वयाचा विचार करण्याची अक्कल सरकारजवळ नव्हती असे मात्र नाही. लसीकरणाचा क्रम पाहा. १६ जानेवारी २०२१ ला आरोग्यसेवक. १ मार्चला साठीपुढचे आणि पंचेचाळिशीपुढचे व्याधिग्रस्त. १ एप्रिलला पंचेचाळिशीपुढचे सर्व. १ मेपासून अठरापुढचे. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांची पाळी ३ जानेवारी २०२२ ला आली, आणि बारा ते चौदाची १६ मार्चला. धोका जिथे अधिक तिथे लस आधी. क्रम बिनचूक होता. बारा वर्षांखालील मुलांना तर राष्ट्रीय मोहिमेत ही लस दिलीच गेली नाही, आणि त्यावाचून त्यांचे काही अडले नाही. म्हणजे लस देताना ज्या सरकारला सात वर्षांच्या मुलाचा धोका नगण्य दिसला, त्याच सरकारला शाळेचे कुलूप काढताना तो डोंगराएवढा दिसला. एकाच मुलाची ही दोन वजने कशी?

वडगावातल्या त्या घरात आजीला कोणत्या खोलीत ठेवायचे, या प्रश्नाचे उत्तर वस्तुतः याच लसीने दिले होते. भिंत बांधून जे करता येत नव्हते, ते दोन टोचण्यांनी पुष्कळसे साधले. सन २०२० मध्ये नातवाची शाळा बंद ठेवणे हे आजीचे कवच होते, असे म्हणण्यास जागा होती. २०२१ मध्ये वृद्धांपर्यंत लस पोहोचू लागली, तेव्हापासून त्या कवचाची किंमत दर आठवड्याला घटत गेली. शाळाबंदीचे मोल मात्र दर आठवड्याला चढत होते. काट्याची पारडी ज्या दिवशी बरोबरीला आली, तो दिवस कोणी पाहिलाच नाही. कारण काटा हातात धरून कोणी उभेच नव्हते. जुलै २०२१ च्या अखेरीस कोगनोळीच्या नाक्यावर दोन्ही मात्रा घेतलेल्या माणसाकडूनही बहात्तर तासांच्या आतील तपासणीचा दाखला मागितला जाऊ लागला. कोल्हापूरला लेकीकडे जाऊन आलेली टोचून घेतलेली सत्तरीची बाई आणि न टोचलेला तरुण, दोघेही एकाच रांगेत, एकाच कागदासाठी. नियम सर्वांना सारखा होता, असे त्यावर उत्तर मिळते. सारखा होता, हाच तर त्याचा दोष.

बरे, शाळा बंद ठेवून मुले तरी संसर्गातून वाचली काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये एकवीस राज्यांतील सत्तर जिल्ह्यांत रक्त तपासून चौथी पाहणी केली. सहा ते नऊ वर्षांच्या, म्हणजे जी कित्येक महिने शाळेकडे फिरकली नव्हती अशा मुलांपैकी शेकडा ५७ मुलांच्या रक्तात या रोगाच्या संसर्गाची खूण सापडली. दहा ते सतरा वर्षांत शेकडा ६१. या मुलांना लस मिळालेली नव्हती. तेव्हा ती खूण रोगाचीच. शाळेच्या फाटकाला कुलूप होते, आणि रोग घराच्या दारातून आत आला होता. यापुढे शाळा बंद ठेवण्याने नेमके काय राखले जाणार होते, हा प्रश्न त्या जुलैतच विचारावयास हवा होता.

मुलांनी काय गमावले, याचे आकडे आता सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये कर्नाटकासह पाच राज्यांतील अकराशेंवर सरकारी शाळांतील सोळा हजार मुले तपासली; शेकडा ९२ मुले भाषेतील निदान एक तरी कौशल्य मागील वर्षाच्या तुलनेने विसरली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत गरीब वस्त्यांतील सुमारे चौदाशे मुलांची पाहणी झाली, तीत खेड्यांतील अवघी शेकडा ८ मुले मोबाईलवरून नियमित शिकत असल्याचे आढळले. शेकडा ३७ मुले मुळीच शिकत नव्हती. ज्या घरात एकच भ्रमणध्वनी आणि तोही बापाच्या खिशात कामावर जातो, तिथे ‘ऑनलाईन शिक्षण’ या शब्दांचा अर्थ काय होतो, हे सरकारी परिपत्रके लिहिणाऱ्यांना कोणीतरी दाखवावयास हवे होते. दुपारचा शाळेतला गरम घास गेला. साथीच्या बंदोबस्तात इतर रोगांकडेही दुर्लक्ष झाले: देशात नोंदलेले क्षयरोगी २०१९ मध्ये चोवीस लाख होते, ते २०२० मध्ये अठरा लाखांवर आले. क्षय कमी झाला म्हणून नव्हे. तपासणारे दुसरीकडे गुंतले होते आणि रोगी घरात अडकले होते.

आजोबांच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. त्यांच्या नावावर हे सारे चालले होते. या वादात काही शहाणे लोक असा हिशेब मांडतात, की ऐंशीच्या माणसाची वर्षे ती उरली किती, आणि त्यासाठी लेकरांचे आयुष्य का नासवावे? पिकले पान गळावयाचेच, हे त्यांचे तत्त्वज्ञान. ते मला अमानुष वाटते. म्हाताऱ्याचा जीव हा मुलाच्या जिवाइतकाच जीव आहे. परंतु आपण तोललेली गोष्ट जिवाविरुद्ध जीव अशी नव्हतीच. एका बाजूला आजोबांचा जीव होता आणि दुसऱ्या बाजूला नातवाचे वर्ष. आणि ती दोन नाणी एकमेकांत मोडून घेण्याचा दर ठरविताना आजोबांना कोणी विचारलेच नाही. पासष्ट वर्षांवरील माणसाने घराबाहेर पडू नये, असे हुकूम म्हणाला. सकाळचा फेरा गेला, देवळाचा कट्टा गेला, वर्तमानपत्र वाचावयास येणाऱ्यांची या वाचनालयातील बाके ओस पडली. ज्याने आयुष्यभर स्वतःचे आणि दहा जणांचे निर्णय घेतले, त्याला आपला धोका समजावून सांगून निवड करू देण्याऐवजी पोराच्या रांगेत बसविले. मुखपट्टी लावून मोकळ्या हवेत नातवाचा हात धरून चालावे, की चार भिंतींत बसावे, हे ठरविण्याइतके वय त्याचे खचित झाले होते!

पुढच्या साथीसाठी काय करावे? सन २०२० मध्ये राज्यांनी ज्या कायद्याचा आधार घेतला, तो सन १८९७ चा, प्लेगच्या वर्षातला. पुण्यात रँडसाहेबाच्या कारकिर्दीत घरझडत्या झाल्या, त्या याच कायद्याच्या छायेत. सव्वाशे वर्षांत त्याची मुख्य चौकट बदलली नाही. २०२० मध्ये आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा देण्यासाठी त्यात भर घातली गेली, आणि ती योग्यच होती. परंतु निर्बंध किती मुदतीचा, कोणत्या वयाच्या रक्षणासाठी, त्याचा भार कोणत्या वयावर आणि किती, आणि तो कोणत्या आकड्यावर पोहोचल्यावर उठणार, हे लेखी सांगण्याचे बंधन त्या कायद्यात नाही. ते घातले गेले पाहिजे. शाळा बंद करणारा हुकूम दर पंधरा दिवसांनी आपोआप संपावा आणि पुन्हा काढावयाचा असेल तर कारणे व आकडे यांसह विधिमंडळापुढे यावा. जिल्ह्याचे आकडे पाहून जिल्ह्यापुरता निर्णय व्हावा. बेंगळूरची लाट पाहून खानापूरच्या जंगलातील वीस मुलांच्या शाळेला कुलूप लावण्यात कोणाचेही रक्षण नाही. आणि डेन्मार्कचा क्रम आपल्याकडे नियम म्हणून लिहिला जावा: बंद करताना प्राथमिक शाळा सर्वांत शेवटी, उघडताना सर्वांत आधी. ही मागणी पक्षाची नाही. बेंगळूरपुढे मांडावयाची आहे आणि मुंबईपुढेही.

कोणी म्हणेल, झाले गेले, मुले सावरली. काही अंशी हे खरे आहे. ‘असर’च्या पाहणीत तिसरीतील ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये शेकडा २७.३ होते, २०२२ मध्ये २०.५ पर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ झाले. शिक्षकांचे हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु २०२४ च्या तिसरीत बसलेली मुले टाळेबंदीत शाळेच्या वयाचीच नव्हती. सावरली ती वेगळी मुले. गमावून बसली ती वरच्या वर्गांत गेली, किंवा शाळेतून बाहेर पडली. २०२३ मध्ये चौदा ते अठरा वयाच्या ग्रामीण मुलांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा मुलांना आपल्या भाषेतील दुसरीचा उतारा अस्खलित वाचता आला नाही. सारा दोष टाळेबंदीचा नव्हे. हे दुखणे जुने आहे. पण ती मुले आज अठरा-वीस वर्षांची आहेत, मागावर आहेत, उद्यमबागेतील कारखान्यांत आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणत्याही सरकारी परिपत्रकात कलम नाही.

या वाचनालयाचे खालचे दालन संध्याकाळी सातनंतर रिकामे असते, असे चालक मला मघाशी सांगत होते. वीस बाके आहेत, दिवे आहेत. निवृत्त शिक्षक या सभेत मला निदान सहा-सात दिसत आहेत. आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड तास या मुलांसाठी वाचनाचा वर्ग चालवावा, अशी माझी चालकांना विनंती आहे. सोमवारच्या वर्गासाठी माझे नाव लिहून घ्यावे.